बटण बांधणार नाही!

तुमच्यापैकी कुणीतरी गॅस गीझरचं बटण दोरीनं बांधून ठेवलंय. नाव घेत नाही. पण ज्यानं बांधलंय, तो आत्ता इकडंतिकडं बघतोय!

ऐंशीच्या दशकात, बीएस्सी झाल्याझाल्या, मी सीताबर्डीच्या एका गल्लीत वामन मिस्त्रींच्या गीझर दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तक्रार बहुतेक एकच: पायलट, म्हणजे गीझरमधली कायम जळणारी छोटी ज्योत, टिकत नाही. तेवढ्याशा ज्योतीभोवती किस्से मात्र काजळीसारखे जमतात. खरवडावेत तितके निघतात.

*

खापरखेड्याच्या वीज केंद्रातले एक साहेब तणतणत आले. “एवढा मोठा बॉयलर चालवतो मी! हा डबा पेटत नाही म्हणजे डबाच खराब!”

मिस्त्रींनी त्यांच्या घरी जाऊन सिलिंडर उचलला. तो दोन बोटांवर उचलला गेला.

“साहेब, तिकडं कोळसा संपला का, हे कोण पाहते?”

“त्याला वेगळा माणूस आहे.”

“मंग त्यालेच बोलवाचं होतं, मले काहून?”

*

कळमन्याच्या एका धान्य व्यापाऱ्यानं पायलटच्या जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या टोकाचं, केसाएवढं छिद्र घरीच साफ केलं. कशानं? पोती शिवायच्या दाभणानं! दुसऱ्या दिवशी अर्धी मिशी घेऊन दुकानात हजर.

मिस्त्री म्हणाले, “शेठ, पायलट पाहिजे होता. मशाल नाही!”

*

बंद बाथरूममध्ये गॅस जाळणं किती धोक्याचं, यावर मी एका प्राध्यापकांना अर्धा तास व्याख्यान दिलं. “सर, हवा खेळती पाहिजे!”

चार दिवसांनी त्यांचीच तक्रार. जाऊन पाहतो तर गीझरसमोर कूलरचा पंखा, फुल स्पीडवर! तोही जानेवारीत!

“तूच तं म्हटलं ना गा, हवा पाहिजे!”

*

आता त्या बटणाचं. पायलट पेटवताना ते थोडा वेळ दाबून धरायचं. तेवढ्यात ज्योतीतली धातूची एक काडी तापते आणि गॅस चालू राहतो. ज्योत विझली की काडी गार होते, गॅस आपोआप बंद. पण बटण बांधून टाकलं, की ज्योत असो वा नसो, गॅस येतच राहतो. लोक हे सर्रास करत. माझं डोकं फिरायचं. मी दुकानावर पाटीच लावली: ‘बटण बांधणे म्हणजे मरण!’

पहिलं गिऱ्हाईक पाटी वाचून आत आलं. “असं बांधताही येते काय? मंग आमचंही बांधून द्या ना!”

*

ठोंबरेबाई शाळेत शिक्षिका. घरी त्या आणि सासूबाई. सकाळी पेटवलेला पायलट दहापर्यंत विझलेला. मी काडी बदलली, जेट बदलला. तरी तेच.

“कुणी फुंकर घालतं का?”

“देवाशपथ, कुणी घालत नाही!” दोघी एकदम म्हणाल्या.

दर खेपेला गीझरच्या तळाशी झेंडूची एखादी पाकळी सापडायची. मी ती झटकायचो आणि पुन्हा विज्ञानाकडे वळायचो.

तिसऱ्या तक्रारीला मिस्त्रींनी माझ्या हातात दोरी ठेवली. “बीएस्सी, दुकानाची इज्जत घालवून राहिला तू. आज बटण बांधून ये. नाहीतर उद्यापासून येऊ नको.”

सकाळी साडेनऊला मी त्या बाथरूममध्ये. पायलट छान जळत होता. नोकरी हवी होती. दोरीचा वेढा दिला, गाठ मारली. पाटी माझी, गाठही माझीच!

एवढ्यात सासूबाई पूजा आटोपून आल्या. मला बाजूला सारलं, गीझरला हात जोडले आणि पुढच्या भोकातून ओलं झेंडूचं फूल त्या ज्योतीवर टेकवलं.

ज्योत गेली. गॅस सूं करत येतच राहिला.

मी दोरी ओरबाडून काढली, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि ओरडलो, “आजी! कुणी फुंकत नाही म्हणाला होतात ना दोघी!”

“फुंकते कोण गा? दिव्याले तोंडानं फुंकतात काय? फुलानं शांत करा लागते. कॉलेजात एवढंही नाही शिकवलं तुले?”