माइकपासून वळलेली मान

बाईंच्या ओठांपासून वीतभर अंतरावर माइक होता आणि मी त्यांच्या पाठीमागे, तंबोऱ्यावर. वीस वर्षं माझी जागा तीच. काल ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. षड्ज लावण्याआधी बाई किती हळू श्वास घेतात, तान संपली की स्वतःशीच कशा हसतात, हे मला मागून कधी ऐकूच आलं नव्हतं. आणि त्या दांडीवरच्या लोखंडी बोंडाला ते पहिल्याच दिवशी मिळालं! ना पहाटेचा रियाज, ना बाईंची बोलणी.

एका ठिकाणी मात्र आवाज एकदम लांब जातो. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ कुरकुरले होते, "बाई, मध्येच मान मागे वळवलीत. आवाज पडलाय. पुन्हा घेऊ या."

"असू द्या हो," बाई म्हणाल्या. "तंबोरा इतका सुरेल बोलत होता, हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही का?"

तेवढीच जागा मी कालपासून पुन्हापुन्हा ऐकते आहे. चारच मात्रा आहेत. पण तेवढ्या चार मात्रा बाईंच्या पाठीमागे माइक बसला होता.