आबांच्या नावानं माझी बाटली

मंगळवार पेठेतल्या आमच्या मोरीला मुंग्या लागायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, लघवी करून आले की पाच मिनिटांत काळी रांग. ते बघून मला रोज ओकारी यायची.

आबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुटले की गुत्त्यावर जायचे. वीस वर्षं एक दिवस खाडा नाही. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "दारूनं तुमचं स्वादुपिंड खाल्लंय, म्हणून ही साखर लागली. पिणं सोडा, नाहीतर पाय जाईल."

आबांनी काय सोडलं? चहातली साखर! आल्यागेल्या पावण्याला ऐकवायचे, "आपण गोड सोडलं हाय की!" आणि दारू? मी विचारलं की म्हणायचे, "अगं, ती कडू असतीया. कडवानं साखर मरती. मग कारलं कशाला खात्यात लोक?" गल्लीतले शहाणे माना डोलवायचे. कपाळ माझं!

डॉक्टर दर महिन्याला लघवी मागवायचे. निळ्या औषधात घालून उकळायचे. साखर असली की रंग विटकरी. पहिल्याच खेपेला विटकरी निघाला आणि डॉक्टरांनी आबांना चारचौघांत झापलं. पुढच्या महिन्यात आबांनी रिकामी बाटली माझ्यापुढं धरली. "तुझी भर. तू कुठं पितीस?"

मी एकोणीस वर्षांची होते. शरमेनं मेल्यासारखं झालं. पण नाही म्हटलं की त्यांचा हात आईवर पडायचा. भरली. सात महिने भरली. रंग निळाच्या निळा. डॉक्टर खूश, त्यांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या.

मग आबांना नवी चप्पल चावली. अंगठ्याला फोड आला, पण साखरेनं पाय बधिर झालेले, तो त्यांना कळलाच नाही. अंगठा काळा पडला, घरभर सडका वास सुटला. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर आधीचे कागद बघून म्हणाले, "साखर आटोक्यात आहे की. नुसता अंगठा काढून भागेल. एकदा लघवी तपासू."

आबांनी चादरीखालून बाटली माझ्या हातात कोंबली. तोंडाला भपका! खाटेवरसुद्धा कुणीतरी पाजली होती. "भर की गं."

मी ती फरशीवर आपटली. "डॉक्टर, आधीच्या सगळ्या बाटल्या माझ्या होत्या."

आबांची लघवी उकळली, विटकरी झाली. पाय पुन्हा नीट तपासला. सडणं पोटरीपर्यंत चढलं होतं. गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर आबांनी चादर चाचपली आणि माझ्याकडं बघितलं. "तू तोंड उघडलंस, म्हणून पाय गेला माझा."

किळस आली मला त्यांची. आणि सात महिने गप्प बसले, त्याबद्दल माझी स्वतःचीही.