शाहीन अत्तारची वही आणि माझा बेंचमार्क

“गायकवाड, हा लॅपटॉप डेस्कटॉपच्या तोडीचा आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?”

साठेसाहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं. ते आमच्या इंजिनिअरिंग विभागाचे डायरेक्टर. मी कंपनीचा सिस्टिम्स मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटर निवडणं, बसवणं आणि ते अडले की बोलणी खाणं हे माझं काम.

“हो सर. एकोणीस-वीसचा फरक.”

“मग यंत्राचा प्रश्न मिटला. मुलगीच स्लो आहे. सोमवारी तिचं प्रोबेशन संपतंय. मी तिला कन्फर्म करणार नाही.”

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

मुलगी म्हणजे शाहीन अत्तार, आमच्या अ‍ॅनालिसिस टीममधली सर्वांत नवी इंजिनिअर. गाडीचा एखादा भाग कारखान्यात तयार होण्याआधी तो किती ताण सोसेल, याचं गणित ही टीम कॉम्प्युटरवर करायची. भागाचे बारीक बारीक लाखभर तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावरचा ताण काढायचा. माणसाने गणित मांडून दिलं की पुढचा तास-दीड तास प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरमधली गणितं करणारी चिप, एकटाच राबतो. अशा एका गणिताला आम्ही ‘रन’ म्हणायचो.

त्या काळात हातात लॅपटॉप असणं मोठ्या मानाचं होतं. येरवड्याच्या आमच्या ऑफिसात तो फक्त डायरेक्टर लोकांकडे असे. सगळ्या इंजिनिअरना लॅपटॉप द्यावेत असं वरून ठरत होतं, म्हणून ट्रायलसाठी एक आणला आणि तो शाहीनला दिला. बाकीच्यांना हेवा वाटला. तीन महिन्यांनी चित्र असं होतं की डेस्कटॉपवाले दिवसाला चार रन काढत होते आणि शाहीनचे जेमतेम तीन होत होते. तिचे रिपोर्ट क्लायंटकडे उशिरा जात होते.

मध्यंतरी ती एकदा माझ्याकडे आली होती. “सर, मला जुना डेस्कटॉप मिळेल का?” मी म्हणालो, “अंगण वाकडं आहे का, ते मी मोजून बघितलंय. सरळ आहे.” ती आपल्या जागेवर परत गेली. हा टोमणा मला तेव्हा फार जमून गेल्यासारखा वाटला होता.

आता मी काय मोजलं होतं ते सांगतो. बेंचमार्क म्हणजे प्रोसेसरची परीक्षा. एक ठरावीक प्रोग्रॅम चालवायचा, तो चार-पाच मिनिटं गणितं करायला लावतो आणि शेवटी मार्क देतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव डेस्कटॉपच्या प्रोसेसरच्या भावाला शोभेल असं होतं, खोक्यावरचे आकडेही जवळजवळ सारखे. पण मी खोक्यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आयटीत येण्याआधी मी भोसरीच्या एका कारखान्यात मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये होतो. तिथे शिस्त अशी की एक रीडिंग झालं की नमुना आणि यंत्र दोन्ही मूळ तापमानाला येऊ द्यायचं, मगच दुसरं रीडिंग. तीच शिस्त मी इथे पाळली. एक बेंचमार्क, मग वीस मिनिटं विश्रांती, चहा. पुन्हा बेंचमार्क, पुन्हा विश्रांती. अशी तीन रीडिंग्ज घेऊन सरासरी काढली. रिपोर्टखाली लफ्फेदार सही केली.

साठेसाहेबांच्या केबिनमधून मी बाहेर आलो त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी शाहीन माझ्या टेबलापाशी आली. तिला एचआरकडून कुणकुण लागली होती. पहिल्याच नोकरीत कन्फर्म न झालेली इंजिनिअर, हा शिक्का पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत आडवा येतो. मला वाटलं, ही आता रडणार किंवा भांडणार. तिने शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली.

“सर, पाच मिनिटं मिळतील?”

वहीत सहा आठवड्यांचा प्रत्येक रन होता. कधी सुरू केला, कधी संपला, भागाचे तुकडे किती. अक्षर छापल्यासारखं.

“एकसारखे रन मी एकत्र लावून बघितले,” ती म्हणाली. “सकाळचा पहिला रन डेस्कटॉपच्या जवळपास जातो. दुसरा रेंगाळतो. जेवणानंतरचा पुन्हा बरा निघतो.”

“जेवणानंतर कसा काय?”

“मीही त्यावरच अडकले होते. आधी वाटलं, मीच दुपारपर्यंत ढिली पडते. पण रन चालू असताना मी काहीच करत नाही, नुसती बघत बसते. मग लक्षात आलं. जेवायला जाताना लॅपटॉप बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हा नियम आहे ना आपला?”

नियम माझाच होता. महागडी वस्तू, चोरीला जायला नको.

“म्हणजे त्याला तासभर विश्रांती मिळते,” ती म्हणाली. “सर, तुम्ही टेस्ट कशी घेतली होती?”

मी भोसरीच्या शिस्तीसकट सगळं सांगितलं, थोडं ऐटीतच. तिने ऐकून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, “मधली वीस मिनिटं कशासाठी थांबलात?”

“यंत्र थंड व्हायला,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझी चूक माझ्या ध्यानात आली. “आमची भवानी पेठेत बेकरी आहे,” ती म्हणाली. “पहिला ट्रे बघून अब्बा कधीच सांगत नाहीत की आज भट्टी कशी चालेल. दहावा ट्रे बघून सांगतात.”

शुक्रवारी आम्ही दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर शेजारी ठेवले. तोच बेंचमार्क, पण एक संपला की लगेच दुसरा, सकाळी दहापासून. बाजूला प्रोसेसरचा वेग दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लावला. पहिल्या फेरीत दोघे खांद्याला खांदा लावून पळाले. दहाव्या फेरीपासून लॅपटॉपचा आकडा उतरायला लागला आणि दुपारपर्यंत तो पार खाली जाऊन बसला. डेस्कटॉप जसा सकाळी होता तसाच.

कारण सोपं होतं. राबणारा प्रोसेसर तापतो. डेस्कटॉपच्या मोठ्या डब्यात त्याच्यावर नारळाएवढा धातूचा पंखेदार ठोकळा बसलेला असतो, उष्णता निघून जाते. लॅपटॉपच्या वहीएवढ्या जाडीत ती जागाच नाही. मग आपण जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. मला हा शब्द माहीत नव्हता असं नाही. डोळ्यांसमोर होत असलेलं मला दिसलं नव्हतं, एवढंच. आणि खरं सांगतो, त्या लॅपटॉपचंही मला कौतुक वाटलं. एवढ्या तापातही त्याचं एकही उत्तर चुकलं नाही. पण त्याहून जास्त कौतुक त्या पोरीचं वाटलं. आपल्याला स्लो म्हणतायत हे कळूनही सहा आठवडे तिने कुणाकडे गाऱ्हाणं नेलं नाही. आधी स्वतःवर संशय घेतला, मग मोजत राहिली.

शनिवारी मी नवा रिपोर्ट लिहायला बसलो. जुना रिपोर्ट मागे घेतो, शाहीन अत्तार यांचे उशिरा गेलेले पाचही रिपोर्ट लॅपटॉपमुळे उशिरा गेले, असं लिहिलं आणि तिला वाचायला दिलं.

“सर, पाच नाही, चार,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“त्यातला एक माझ्यामुळे झाला. भाग कुठे बोल्ट केलाय तेच मी चुकीचं दिलं होतं. दोनदा रन करावा लागला. तेही लिहा.”

“अगं, सोमवारी तुझा निकाल आहे. ते कुणी विचारलेलं नाही.”

“पण झालंय ना सर.”

मी लिहिलं. मनातून मात्र धास्तावलो होतो. साठेसाहेबांना नाही म्हणायला एवढं कारण पुरलं असतं.

सोमवारी सकाळी त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. आलेखावरून बोट फिरवलं. “म्हणजे मुलगी स्लो नाही. लक्षात यायला तुम्ही स्लो.”

“हो सर.”

मग ते शाहीनच्या चुकीच्या ओळीवर थांबले. “हे कुणी लिहायला सांगितलं?”

“तिनेच. मी नको म्हणत होतो.”

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग ड्रॉवर उघडून कन्फर्मेशनचं पत्र काढलं, सही केली आणि माझ्याकडे सरकवलं. “तुम्हीच नेऊन द्या. आणि तिला डेस्कटॉप द्या, आजच्या आज.”

मी उठलो.

“गायकवाड, हा रिपोर्ट अजून पूर्ण नाही. तिची चूक यात आहे. तुमची कुठे आहे? ‘जुना रिपोर्ट मागे घेतो’ म्हणजे काय, तो आपोआप चुकला का?”

इंजिनिअरना डेस्कटॉपच राहिले. लॅपटॉप मार्केटिंगला गेला. त्यांची प्रेझेंटेशनं दहा मिनिटांच्या वर चालत नसत, तिथे त्याचं उत्तम निभलं. यंत्र ज्या कामाला जुंपायचं त्याच कामावर, तितकाच वेळ तपासावं, हे मी त्यानंतर प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो.

त्या दिवशी मी शाहीनला पत्र दिलं. तिने ते वाचलं, “थँक यू सर” म्हणाली आणि घरी फोन करायला जिन्याकडे गेली. मी जागेवर येऊन रिपोर्ट उघडला. माझ्या चुकीची ती एक ओळ लिहायला मला अख्खी दुपार लागली. तिने तिची एका दमात सांगितली होती.