इस्माईलचाचांचा हौद

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही! जुन्नरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगतो. तेव्हा कान वाजले असतील, असं मला कुणी म्हणू नये...

दर रविवारी आम्ही आठ-नऊ जण सायकलवर गावाचा जुना इतिहास शोधत फिरतो. त्या रविवारी सोबत इस्माईलचाचा होते. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही कानांनी ठार बहिरे. त्यांचे आजोबा हातकागद बनवायचे. चिंध्या कुटून लगदा करायचा त्यांचा दगडी हौद कुकडीकाठी आहे, हे चाचांशिवाय कुणी मानत नव्हतं. आणि सोमवारी ती जागा सपाट करायला जेसीबी येणार होता. म्हणजे हातात एकच दिवस.

अकरा वाजले तरी घाणेरीच्या जाळीत काही सापडेना. ऊन लई तापलेलं, दोन सायकली पंक्चर. "चला राव घरी," एकजण कुरकुरलाच. मी खेकसलो, "हौद घावल्याशिवाय कुणी हलायचं न्हाई!"

तेवढ्यात जाळीच्या कडेनं सायकल हाकणाऱ्या चाचांनी करकचून ब्रेक दाबला. "कुटतंय कुणीतरी... धप, धप. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

बहिरा माणूस आम्हाला विचारतोय! आम्हाला तर पाखराशिवाय काही ऐकू येईना. पण चाचा सायकल टाकून तडक जाळीत घुसले. ते थांबले तिथं आम्ही कोयत्यानं झाडोरा तोडला, माती उकरली – हातभर खाली घडीव दगडाचा काठ!

चाचा काठाला धरून ढसाढसा रडले. "अजून चालूच हाय रे भाऊ..."

मला माझ्याच कानांचा राग आला. मग दुकानात करतो तेच केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दगडावर टेकवलं, मूठ कानाला लावली.

धप... धप... धप. एका लयीत, चिंध्या कुटायचं मुसळ पायानं दाबावं तसं. आसपास ना गिरणी, ना पंप; लाईट तर सकाळपासून गेलेली. आईशप्पथ, अंगावर सर्रकन काटा आला.

सोमवारी सातलाच आम्ही तिथं सायकली आडव्या लावल्या. जेसीबीवाला वैतागला, "बाजूला व्हा की भाऊ! मोकळी तर जागा हाय."

"मोकळी न्हाई," मी म्हणालो. "आत काम चालू हाय."

तो हसला. मी स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि कसं ऐकायचं ते दाखवलं. मिनिटभरानं तो उठला आणि मशीन मागं घेऊन गेला. त्याला काय ऐकू आलं, मी विचारलं नाही. आवाज कसला, ते मला आजही सांगता येत नाही. हौद मात्र जागेवर आहे.