चिंचेनं उजळलेली नाणी

चहावाल्या रशीदभाईंचा फोन आला. "मास्तर, घड्याळजीनं आज दुकान उघडलं न्हाई. तुमी जरा घरी जाऊन बघता का?" घड्याळजी म्हणजे आमचे दिगंबरराव, ते दुकान बंद ठेवणाऱ्यांतले नव्हेत. ताप असला तरी शटर वर करून, अंगावर शाल घेऊन बसायचे. चपला घालतानाच मी समजून चुकलो. झोपेतच गेले होते. "कुणाला तकलीफ दिली न्हाई," असं जो तो म्हणत होता आणि मला त्या बोलण्याचा राग येत होता. अहो, माणसानं जाताना थोडी तरी तकलीफ द्यावी, म्हणजे शेवटी जवळ कुणीतरी होतं असं तरी म्हणता येतं... याला आता महिना होत आला.

वसमतला बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी पोस्टात साधा कारकून, पण ते मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचे. ओळख झाली ती एका रजिस्टर पाकिटामुळे. हिंगोली जिल्हा व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट, आपलं वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पाकीट त्यांनी माझ्यासमोरच फोडलं. आतून एक काळंकुट्ट, वेडंवाकडं नाणं निघालं.

"रोमचं हाय. चांदीचं. दोन हजार वर्सांचं."

"मग असं काळं काहून?"

"दोन हजार वर्सांत तुमी तरी गोरे राहिले असते का, मास्तर?"

घड्याळाचे पट्टे बदलून पोट भरणाऱ्याची ऐपत ती किती! चांगली नाणी मोठ्या शहरातले लोक उचलायचे. दिगंबररावांनी त्यावर तोड काढली होती. ते फक्त घाव बसलेली नाणी मागवायचे. रोमचे व्यापारी मिरी नि कापड घ्यायला आपल्याकडे येत, तेव्हा चांदी खरी की खोटी हे बघायला इथली माणसं नाण्यावरच्या राजाच्या गालावरच छिन्नी मारत. असलं नाणं हौशी लोकांना नकोसं, म्हणून स्वस्त. "राजा तिकडला, पण घाव आपला," ते म्हणायचे, "मला घावच पायजेल." रविवारी दुपारी ते पाटावर नाणी मांडत आणि डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून एकेक मला दाखवत. मला राजाचं नाक कुठलं आणि घाव कुठला हेही धड कळत नसे. पण बाकीचे लोक "बाजारात चालतंय का?" एवढं विचारून उठून जायचे. उरलो मी एकटा.

एका वर्षी दिवाळीनंतर नांदेडला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा ठरला आणि दिगंबररावांना तिथं एक टेबल मिळालं. जाणत्या माणसानं आपली नाणी एकदा हातात घेऊन बघावीत, एवढीच त्यांची आयुष्यातली हौस होती. त्यासाठी नवा सदरा शिवला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी नि दिगंबरराव दुकानातून त्यांच्या घरी गेलो, तर पाटावर सगळी नाणी मांडलेली. चिंच आणि राखेनं घासून लख्ख केलेली, प्रत्येकावर हळदीकुंकू. पूजेतली चांदी आपल्याकडे अशीच उजळतात. पण जुन्या नाण्याचं काळेपण हेच त्याचं वय असतं, ते गेलं की जाणता हात लावत नाही, हे त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, कुणी सांगायचं?

"चार लोकांत न्यायची म्हणता, अन् अशी काळी?" वहिनी हसत म्हणाल्या. "माझाच जीव राहिना बघा."

दिगंबररावांनी एक नाणं उचलून उलटसुलट केलं, परत जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "व्हय... लई बेस केलं." आणि पूजेला बसले.

नांदेडला मी सोबत होतो. लोक टेबलापाशी येत, वाकत, "घासलेली दिसतात" म्हणत आणि पुढे सरकत. एक म्हातारे गृहस्थ तेवढे थांबले. "आता हात लावू नका. काही वर्षांनी आपोआप काळी पडतील, तेव्हा बघू," म्हणाले. परतीच्या एसटीत दिगंबररावांनी नाण्यांचा डबा मांडीवर धरला होता. वसमत जवळ आल्यावर म्हणाले, "घरी सांगायचं, लोकांना लई आवडली." तसंच सांगितलं. वहिनी इतक्या खूश झाल्या की पुढच्या प्रत्येक दिवाळीला त्यांनी नाणी घासली, आणि ते बघत बसले.

काही वर्षांनी वहिनी गेल्या. लेक पुण्यात. हातोहाती मोबाईल आले, घड्याळं कमी झाली, दुकानात दिगंबरराव आणि रेडिओ एवढेच राहिले. मला वाटलं, निदान आता नाणी काळी पडतील, पुन्हा मेळाव्याला जाता येईल. दिवाळीला गेलो, तर हा माणूस न्हाणीत उकिडवा बसून नाण्यांना चिंच लावतोय!

"काहून, घड्याळजी? आता तर कुणाचं मन राखायचं न्हाई."

"काळी पडून राहिलीत, मास्तर..." ते मान वर न करता म्हणाले. "तिचा हात निघून चाललाय त्यांच्यावरून."

मी बाहेर येऊन बसलो. आत राखेचा करकर आवाज येत होता.

दिगंबरराव गेले तेव्हा लेक पुण्याहून आली होती. "काका, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच ठेवा," म्हणाली. नाण्यांचा पत्र्याचा डबा आता माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी मी पाट मांडतो, भिंग लावतो. दाखवायला कुणी नाही आणि नाक मला अजूनही सापडत नाही. फार आठवण येते हो त्यांची. परवा पाहिलं, तर कडा काळवंडायला लागल्या आहेत. तशाच राहू दिल्या तर नाण्यांना पुन्हा मोल येईल, हे मला माहीत आहे.

एका नाण्यावर राजाच्या गालावरच्या घावात कुंकू अडकलेलं आहे, वहिनींच्या बोटाचं. दिगंबरराव तेवढी जागा सोडून घासायचे. काल मी वाटीत चिंच भिजत घातली. तेवढी जागा सोडून घासणं मला आता शिकायचं आहे.