चारशे सतराची पोच

पक्ष्यांवर प्रेम करणारी माणसं सिंधुदुर्गात पुष्कळ सापडतील, पण पक्ष्याकडून पोचपावती मागणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या थोरल्या भावाची सासू. कसालच्या हमरस्त्यापासून आत पाच किलोमीटरवर त्यांचं घर आहे. पस्तीस वर्षं त्यांनी पोस्टात काढली. निवृत्तीनंतर मुंबईहून पक्ष्यांचे अभ्यासक त्यांच्या काजूच्या बागेत मुक्कामाला आले. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात नंबराची हलकी कडी घालायची, मोजमाप करून सोडून द्यायचा आणि पुढे तो कुठे सापडतो ते पाहायचं, असं त्यांचं काम. बाईंनी पहिल्या दिवशी चहा दिला, दुसऱ्या दिवशी नोंदवहीतली बेरीज सुधारली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "म्हणजे ह्यां रजिस्टर पोस्टच झाला ना?" पुढचे तीन हिवाळे त्या अभ्यासकांच्या हाताखाली शिकल्या. परवानगीपत्रावर त्यांचं नाव आलं. ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून आजही जाळ्याच्या खांबाला टांगलेलं असतं, कारण त्या पक्षी पकडून खातात असा गावात पहिलं वर्षभर समज होता. कसालच्या बाजारात मासेवालीने तर सगळ्यांसमोर विचारलं, "गो काकी, तुझ्या जाळ्यात बांगडो गावता काय?" त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "गावलो तर त्याकाय कडी घालीन."

हाती घेतलेलं काम त्या अर्धवट ठेवत नाहीत, आणि त्या कामापासून इतरांनाही वाचू देत नाहीत. पक्षी धरताना त्याची मान पहिल्या दोन बोटांमध्ये आणि पाठ तळव्यात ठेवायची असते. ही पकड त्यांच्या हातात इतकी मुरली आहे की त्या बाजारात वांगंही तसंच उचलतात आणि दोन्हीकडून नीट पाहून परत ठेवतात. माझ्या भावाला, म्हणजे जावयाला, पहिल्या दिवाळसणाला त्यांनी पाटावर बसवून ही पकड शिकवली. सरावासाठी लिंबू दिलं होतं. त्यांचं जाळं दर अर्ध्या तासाने पाहावं लागतं, म्हणून कमरेला स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ असतं. एकदा ते सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात वाजलं. त्या उठल्या. भटजी पोथीवर बोट ठेवून थांबले तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "देव थांबतलो, भटजीनू. जाळ्यातला पाखरू थांबाचा नाय." इतर वेळी त्या मालवणीच बोलतात, पण एखादा मुद्दा सोडायचा नाही असं ठरलं की त्यांच्या तोंडी कार्यालयातली मराठी येते. घरातली माणसं ती ऐकली की वाद आवरता घेतात.

त्यांचा लाडका पक्षी दिसायला अगदी सामान्य आहे. वटवट्या, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेच्या रंगाचा, वजनाने चार पोस्टकार्डांएवढा. उन्हाळा तो हिमालयापलीकडे काढतो आणि थंडीला इथे येऊन झुडपात बसून दिवसभर 'टक टक' करतो. अशा वटवट्यांपैकी एकाच्या कडीवरचे शेवटचे तीन आकडे होते चारशे सतरा. त्यांनी स्वतः एकटीने घातलेली ती पहिली कडी. तो सलग तीन हिवाळे परत आला, आणि नुसता जिल्ह्यात नव्हे, गावातही नव्हे, तर त्यांच्या आणि त्यांच्या दिरांच्या हिश्शांमधल्या करवंदाच्या वईत, त्या काटेरी कुंपणात, त्याच झुडपात. "लोकांका वाटता, पत्र पेटीत टाकला म्हणजे पोचला," त्या म्हणतात. "पोच येयपर्यंत काय खरा नाय."

अडचण त्या वईचीच होती. दिरांना ती तोडून चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, घालायचा होता, आणि त्यांचं कारण रास्त होतं. करवंदीच्या जाळीतून रानडुकरं शिरत आणि भाताचा कोपरा लोळवून जात. मागच्या मे महिन्यात चिऱ्यांची गाडी अंगणात रिकामी झाली आणि वहिनी-दिरांची बोलणी सुरू झाली.

"डुकरां माझा भात खातत, वयनी, आणि तुम्ही पाखरांची वजनां करतास!"

"भावजी, तो चौथ्या खेपेक इलो आणि वई नसली, तर तो जातलो खंय?"

"माझ्या माडार बसांदे."

"त्याचा पत्ता माड हा नाही," बाई म्हणाल्या. मराठी बदललेली ऐकून दीर सावध झाले. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत वईला कोयता लागणार नाही. तोवर चारशे सतरा आला तर वई राहील, नाही आला तर जाईल. पावसाळाभर चिऱ्यांवर शेवाळ धरलं. डुकरांनी भाताचा कोपरा पुन्हा लोळवला. भाद्रपद संपल्यापासून दीर रोज सकाळी वईपलीकडून ओरडत, "काय वयनी, इलो काय तुमचो रजिस्टर?" आणि बाई जाळ्याची गाठ सोडवत म्हणत, "टपाल वाटेत आसा."

दसऱ्याला मी भावासोबत तिथे गेलो होतो. चारशे सतरा आलेला नव्हता. दुपारी सोनं द्यायला दीर आले आणि म्हणाले, "मुदत संपली." बाईंनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "कोयत्याची पूजा केलास ना आज? मग आज तो उचलूचो नाय. सकाळी येवा." दिरांनी नियम मान्य केला, कारण तो त्यांच्याही घरचा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाळं लागलं. दीर वईच्या पलीकडे कोयता घेऊन उभे राहिले. त्याच्या मुठीला कालचं हळदकुंकू तसंच होतं. पहिल्या अर्ध्या तासाने जाळं रिकामं होतं. दुसऱ्याला बुलबुल होता. सात वाजून चाळीस मिनिटांनी तिसऱ्यांदा घड्याळ वाजलं तेव्हा जाळ्याच्या खालच्या खिशात एक वटवट्या लोंबत होता आणि त्याच्या पायात कडी होती. बाईंनी तो सोडवून हातात घेतला. कडीकडे त्यांनी पाहिलं नाही. ज्याचं टपाल त्याने नंबर वाचायचा नाही, असा त्यांचा नियम. त्यांनी हात वईवरून पलीकडे केला. "भावजी, वाचा."

दिरांनी कोयता खाली ठेवला. वाकून पाहिलं. एकदा कडीकडे, एकदा वहिनींच्या तोंडाकडे. मग घसा साफ करून म्हणाले, "चार. एक. सात."

बाईंनी हात मागे घेतला, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. "हा चारशे सतरा नाही," त्या म्हणाल्या. "चारशे बत्तीस आहे. गेल्या वर्षी घातलेली कडी. नोंद तशीच होईल."

"माका चष्मो नाय, वयनी. दिसला नाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. बाईंनी पंख मोजला, वजन केलं, वहीत लिहिलं आणि मूठ उघडली. पक्षी सरळ करवंदीत शिरला. मग त्या म्हणाल्या, "मी हरलंय, भावजी. कोयतो घेवा."

दिरांनी कोयता घेतला आणि घरी गेले. आठवड्याने गवंडी आला. गडग्याची दोरी वईवर नव्हे, दोन हात पलीकडे, दिरांच्या जमिनीत लागली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझी जागा, माझो गडगो. पेपरात घालशीत काय?"

परवा पुन्हा गेलो होतो. बाईंच्या वहीत चारशे सतराच्या नावापुढे तीन पोचा आहेत आणि चौथा रकाना कोरा आहे. एवढासा पक्षी फार वर्षं जगत नाही, हे अभ्यासकांनी त्यांना सांगितलं आहे. त्यांना ते माहीत होतंच. रकान्यावर त्या काट मारत नाहीत. "आमचो पत्तो बदललो नाय," त्या म्हणाल्या. "तेवढाच आपल्या हातात." तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला. पूर्वीचाच रोज सकाळचा प्रश्न, पण आता त्यात चेष्टा नव्हती. "वयनी, इलो काय?"

बाईंनी कमरेचं घड्याळ पुन्हा अर्ध्या तासावर लावलं. "अजून नाय, भावजी," त्या म्हणाल्या आणि जाळ्याकडे निघाल्या.