एम.ए.च्या वर्गाविरुद्ध माझी साक्ष

भास्कर सोनवणे सर. ज्यांच्यामुळे मी आज सुखाचे दोन घास खातो त्यांचं नाव आधी लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते मी त्यांच्याशीच केलं. तीन वर्षं झाली. बायकोला सांगितलं नाही, मित्रांना नाही. बाबांना सांगावं लागलं नाही — त्यांना दिसलंच. मागच्या सोमवारी सरांना पत्र टाकलं. त्यानंतर हे वाचणारे तुम्हीच पहिले.

आमचं गाव डोईफोडिया, बुऱ्हाणपूरकडचं. घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर बाबा मला सुरतेला मामाकडे, कापडाच्या दुकानात धाडणार होते. सर बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आमच्या शाळेत एकदा भाषणाला आले, मी ग्रामसभेबद्दल काहीतरी विचारलं, आणि पुढच्या रविवारी हा माणूस बस धरून आमच्या अंगणात हजर!

बाबांनी सरळच विचारलं, "सर, हे राज्यशास्त्र शिकून पोरगं खाईल काय?"

"रामदासभाऊ, कोणत्या कामाला कोणत्या साहेबाची सही लागते एवढं ज्याला कळतं, त्याला कामाला तोटा नाही."

"म्हणजे दलाल बनवू राहिले का त्याला?" बाबा हसले. सरही हसले. पण मला पाठवलं.

सरांची एक रीत होती. आठवडाभर ते पुस्तकातलं शिकवत, आणि शनिवारी प्रत्येकानं एक खरा अर्ज लिहायचा — नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, म्हातारीची पेन्शन अडली — तो खऱ्या कार्यालयात द्यायचा आणि पावतीचा शिक्का आणून दाखवायचा. शिक्का नाही तर हजेरी नाही. मला एका बाबूनं तीनदा हाकललं. चौथ्यांदा मी नियम लिहूनच नेला, तोंडानं बोलवेना म्हणून कागद पुढे सरकवला, आणि शिक्का घेतला. त्या दिवशी नदीकाठी राजघाटावर जाऊन मी एकटाच हसत बसलो होतो.

मग एवढ्या माणसाचा सूड घ्यावासा का वाटला? सांगतो. सांगायला बसलोच आहे.

बी.ए. झालं. एम.ए. मी प्रायव्हेट बसून केलं, केळी काढता काढता. कॉलेजात राज्यशास्त्राची एक तात्पुरती जागा निघाली. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. मुलाखतीनंतर बाकावर बसलो होतो. दार नीट लागलेलं नव्हतं. आतून सरांचा आवाज आला, "लड़का होशियार है, पर क्लास में खड़ा नहीं हो पाएगा. आवाज़ ही नहीं निकलती उसकी."

जागा शहरातल्या एका मुलीला मिळाली. बाहेर आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संतोष, तुझं काम बाहेर आहे रे, वर्गात नाही." मी म्हणालो, "हो सर." आणि पाया पडलो. वाकलेला असतानाच मनात म्हणालो — बघून घेईन.

नंतर काय झालं? सर म्हणाले तेच झालं, याचीच तर चीड होती. मी तहसीलसमोर टेबल टाकलं. वादळानं केळीचे बाग आडवे झाले की भरपाईचे अर्ज, वारसाच्या नोंदी, जातीचे दाखले, अपिलं. बाकीचे अर्जीनवीस साहेबाला दयेची भीक मागायचे. मी कलम लिहायचो. लोक माझ्यासाठी रांगेत थांबू लागले. महिन्याला पंचवीस हजारांच्या वर सुटू लागले. ज्या मुलीला ती जागा मिळाली तिला याच्या निम्मेही मिळत नसत. बाबांच्या मातीच्या घराच्या भिंती पक्क्या करून मी वर स्लॅब घातला. राज्यशास्त्राच्या डिग्रीची किंमत कुणाला विचारायची असेल तर आमच्या घराच्या छताला विचारावी.

आणि तरी राग? हो. पैसे आले म्हणून त्या वाक्याचा काटा निघत नाही. मी रोज शंभर माणसांशी बोलायचो आणि रोज मला ते ऐकू यायचं. आवाज़ ही नहीं निकलती.

मग सरांचाच फोन आला. त्यांचं एकच स्वप्न राहिलं होतं — कॉलेजात राज्यशास्त्राचं एम.ए. सुरू व्हावं. खकनार, नेपानगरकडच्या मुली बी.ए.पर्यंत येतात, पुढे खंडव्याला कुणी पाठवत नाही. विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. या विषयातून पोटापाण्याचं काही होतं का, ते जुन्या विद्यार्थ्यांना विचारणार होती. "तू ये रे. तुझ्यासारखं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही."

मला उदाहरण म्हणाले. माझी वेळ आली हे मला तिथेच कळलं.

त्या दिवशी मी काय घातलं माहीत आहे? बाबांचा केळीवरचा शर्ट. केळीच्या चिकाचे काळे डाग कशानंही जात नाहीत. आमच्याकडे तो शर्ट पाहिला की माणसाचं काम सांगावं लागत नाही. माझे तीन इस्त्रीचे शर्ट कपाटात होते. मी आरशात बघून डागांचा शर्ट घातला. रागाच्या भरात घडलं, असं म्हणायलाही मी जागा ठेवली नव्हती.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "इस डिग्री से आपको क्या मिला?"

"कुछ नहीं, मैडम. एम.ए. करके केले ढोता हूँ."

सर आधी हसले. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय, आता खरं सांगेल. मी त्यांच्याकडे न बघता पुढे बोलत गेलो — पाच वर्षं वाया गेली, बापाची कमाई गेली, तहसीलसमोरच्या टेबलावर चहाचे पैसेही सुटत नाहीत, सुरतेला गेलो असतो तर आज दुकान असतं. सगळं सुसूत्र, न अडखळता. त्या दिवशी माझा आवाज फार छान निघाला. शेवटच्या बाकापर्यंत गेला. आणि सरांचं हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना मी पाहिलं — बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? कितीतरी दिवस बरं वाटत होतं.

वर्गाला मंजुरी मिळाली नाही. अहवालात एक ओळ होती, की माजी विद्यार्थ्यांनाच या पदवीचा उपयोग झालेला दिसत नाही. सगळं माझ्या एकट्यामुळे झालं का? कदाचित नाही. ती ओळ मात्र माझी आहे.

इथे थांबलो असतो तर हा नुसता सूड झाला असता. पण पंधरा दिवसांनी सर पुन्हा आमच्या अंगणात आले. मला वाटलं, जाब विचारणार. मी तयार होतो, उत्तरं पाठ होती. ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांसमोर खाटेवर बसले आणि हात जोडले. "रामदासभाऊ, मी हट्ट करून तुमचं पोरगं नेलं. त्याचं वाटोळं केलं. माफ करा मला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सरांची नजर वर गेली, नव्या स्लॅबकडे. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

"केळी बरी लागली यंदा," बाबा म्हणाले, "त्याच्यातूनच घातलं छत."

त्या वर्षी आमचा बाग वादळात आडवा झाला होता, आणि भरपाईचा अर्ज मीच लिहिला होता. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी, हात जोडून बसलेल्या माणसाशी खोटं बोलला. सर चहा न घेता गेले. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सर आता निवृत्त झालेत. गेल्या महिन्यात एक मुलगी दाखल्याच्या अर्जासाठी टेबलाशी आली. सहज विचारलं, विषय कोणता घेतला? म्हणाली, राज्यशास्त्र घ्यायचं होतं, पण आमच्या गल्लीतले सोनवणे सर म्हणाले, नको बेटा, मी एका पोराचं आयुष्य त्यात घालवलंय.

तिचा अर्ज लिहून दिला. मग हे पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

समितीपुढे मी खोटं बोललो. मी केळी वाहत नव्हतो. तेव्हाही महिन्याला पंचवीस हजारांच्या वर कमवत होतो, आणि त्यातला प्रत्येक रुपया तुम्ही शिकवलेल्या विषयाचा होता. शर्ट बाबांचा होता. छत अर्जांच्या कमाईचं आहे. बाबा माझ्यामुळे खोटं बोलले. तुम्ही कुणाचंही आयुष्य घालवलेलं नाही. ज्या पोराचं उदाहरण तुम्ही देता, तो पोरगा खोटा आहे. हे सगळं माझ्या सहीनिशी मी विद्यापीठाला आणि प्राचार्यांना कळवलं आहे.

त्या जागेसाठी तुम्ही मला नाकारलंत, म्हणून मी हे ठरवून केलं. तो राग अजून गेलेला नाही. तरी वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

संतोष